परस्परावलंबनाची दुसरी बाजू

महोदय,

देशोदेशींचे व्यवहार एकमेकांत गुंतले की समृद्धी येते हे खरेच, पण त्याच वाटांनी संकटही पसरते, याची पुरेशी चर्चा होत नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे १९८२ मध्ये सापडलेल्या प्राचीन जहाजात सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील होते. कांस्य घडवण्याचे हेच प्रमाण. हे धातू वेगवेगळ्या मुलखांतून येत, त्यामुळे एकाची वाट अडली की काम ठप्प होई. इ.स.पू. १२०० च्या सुमारास दुष्काळ आणि आक्रमणे एकापाठोपाठ आली, तेव्हा आजच्या तुर्कस्तानातील बलाढ्य हित्ती साम्राज्यासह अनेक राज्ये काही दशकांतच कोसळली. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एकच जहाज सहा दिवस अडकले आणि शेकडो जहाजे खोळंबली. सरकारांनी धान्य व औषधांचे राखीव साठे तातडीने वाढवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक