पिओनीचे कंद कोकणात विकताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका प्रदर्शनातून ‘हिमालयातील जंगली पिओनी’ अशी चिठ्ठी लावलेले, या फुलझाडाचे तीन कंद मी रत्नागिरीला घरी आणले. फाल्गुनात एकाला तांबूस कोंब आला, दोन पाने उलगडली आणि मृगाचा पाऊस सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच ती मान टाकून पडली. माती उकरली, तर काळपट लगदा हाताला लागला. कुजलेल्या सुरणासारखा त्याचा वास अजून आठवतो. ‘पाणी जास्त झाले असेल,’ एवढेच विक्रेत्याचे उत्तर. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात कुंडीवर छत्री कोणी धरायची, हे त्याने सांगितले नाही.

ही वनस्पती, शास्त्रीय नावाने पिओनिया इमोडी, अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडावरून पश्चिम नेपाळपर्यंतच्या डोंगरउतारांवर, सुमारे १८०० मीटरच्या वर, झाडांच्या विरळ सावलीत वाढते. हिवाळ्यात तिचा वरचा भाग पूर्ण वाळतो आणि मुळे गारठलेल्या जमिनीत पडून राहतात. तो गारठा कित्येक आठवडे मिळाला, तरच पुढे पांढरी, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असलेली मोठी फुले येतात. आपली शेवळे आणि कळलावी उन्हाळाभर जमिनीत दडून पावसाबरोबर वर येतात, तशीच ही बर्फ सरल्यावर येते. (शेवळांप्रमाणे तिच्याही कोवळ्या कोंबांची तिकडे भाजी करतात.) दापोलीची थंडी आपल्याला बोचत असली, तरी तिच्या लेखी ती थंडीच नव्हे.

पैसे गेले त्याचे फारसे दुःख नाही. खटकते ते ‘जंगली’ हे विशेषण. या पिओनीच्या बीला आधी नुसते मूळ फुटते, एक हिवाळा काढल्यावर कोंब वर येतो आणि फूल दिसायला आणखी काही वर्षे जातात. इतका धीर न धरता जाडजूड कंद विकायचा, तर तो जंगलातून खणून आणणेच सोपे. ‘ऊद सालप’ म्हणून औषधासाठी या मुळांना आधीच मागणी आहे, आणि मूळ उपटले की झाडच संपते.

तेव्हा अशा कंदांची जाहिरात छापण्यापूर्वी ते रोपवाटिकेत वाढवलेले आहेत का आणि त्यांना किती थंडी लागते, हे जाहिरातदाराकडून लेखी घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी