हवालदार होते, पण पोलिसांत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीत आमच्या इमारतीतील हवालदारांच्या निधनाची बातमी आली, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. त्याच पानावरील वाढदिवसाच्या शुभेच्छांचा आकार पाहता, या बातमीसाठी साडेचार ओळींची जागा काढणेही सोपे गेले नसावे. तक्रार एवढीच की, त्या साडेचार ओळींत आपण त्यांना ‘निवृत्त पोलीस हवालदार’ करून टाकले. पोलीस खात्याविषयी मला आदरच आहे. परंतु हे गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे हवालदार होते. हवालदार हा लष्करातलाही हुद्दा आहे, हे दर १६ डिसेंबरला विजय दिवसावर भरभरून लिहिणाऱ्या दैनिकाला ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला, तेव्हा ‘दुरुस्तीचे बघू, सविस्तर हवे असेल तर जाहिरात विभागाशी बोला’ असे उत्तर मिळाले.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, जमालपूरला आपल्या सैन्याने घातलेल्या वेढ्यात ते होते. त्यांच्या पलटणीने शहराच्या दक्षिणेकडचा रस्ता अडवून धरला होता आणि १० तारखेच्या रात्री शहरातून निसटू पाहणारी पाकिस्तानची ३१ बलूच पलटण त्यांच्याच मोर्चांवर येऊन आदळली. त्या रात्रीबद्दल विचारले, तर ‘थंडी फार होती’ यापलीकडे ते काही सांगत नसत. मात्र त्याआधीची एक गोष्ट ते गणेशोत्सवात मुलांना दरवर्षी सांगत. शरण या, अशी चिठ्ठी आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी एका वृद्ध गावकऱ्याच्या हाती शहरात पाठवली होती आणि तिला त्या बलूच पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांनी लेखी नकार पाठवला, तोही आत बंदुकीची एक गोळी गुंडाळून.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते बँकेत गेले असता यंत्राने त्यांच्या बोटांचे ठसे ओळखले नाहीत. झिजलेल्या बोटांचा मालक समोर खुर्चीवर बसलेला असताना, यंत्र मान्य करीत नाही म्हणून त्याचे निवृत्तिवेतन तीन महिने थांबले. त्या काळात त्यांच्या वतीने चार अर्ज मी स्वतः लिहिले आणि चारही वेळा ते चारईतून रिक्षा न करता, काठी टेकत, पोचपावती मागण्यासाठी बँकेत गेले. शिक्का कधी जागेवर नसे, तर कधी शिक्का मारणारे नसत. अखेर पैसे जमा झाले, पण अर्जांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. तेव्हा ते मला म्हणाले होते, “बाई, गनिमानंसुद्धा पत्राला उत्तर दिलं होतं.” एरवी कोणाविषयी वावगे न बोलणाऱ्या या माणसाने केलेली मी ऐकलेली ही एकमेव तक्रार.

आता निधनानंतर निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी त्यांच्या पत्नीला पुन्हा त्याच दारात जावे लागणार आहे. पतीची ओळख काय, असे तेथे विचारले गेले आणि कोणी आपल्या अंकातील कात्रण पुढे केले, तर आणखी एक घोळ व्हायला नको. आजवरचा अनुभव पाहता ही भीती अगदीच अनाठायी नाही.

म्हणून विनंती आहे की, दुरुस्ती त्याच पुरवणीत छापावी आणि ती एका ओळीची असली तरी चालेल. छापायची नसेल, तर तसे दोन शब्द लिहून कळवावे. पाकिटात गोळी असली तरी मी तक्रार करणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
चारई, ठाणे