भंगारवाल्याला थांबवा, मांगर झालाय

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर म्हणालात ना की रीडेव्हलपमेंटवाल्यांनी घर खाली करायची तारीख दिली की भंगारवाल्याला बोलावून एकदाचे मोकळे होणार, तर जरा थांबा. इकडे कुडाळला सामान ठेवायला मांगर झालाय.

हो तोच, ज्याला तुम्ही सेकंडहँड गोठा म्हणून हसला होतात. पलीकडच्या वाडीतल्या काकांकडे गुरं राहिली नाहीत, ते पाडणारच होते, म्हणून लाकूड आणि कौलं मी घेतली आणि आपल्या आवारात नवीन जोत्यावर तसाच उभा केला. वाशांवर खडूने नंबर टाकले होते, रात्री दव पडलं आणि सकाळी अर्धे नंबर गायब, मग अंदाजपंचे! तुळयांना एक खिळा नाही, सगळं खाचेत बसवलेलं, आणि फणसाचं लाकूड तासलं तर आतून अजून हळदीसारखं पिवळं. दोन खांब खालून वाळवीने पोखरले होते, ते हातभर कापून खाली चिरे दिले. बाकी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं, त्याने कातडी सोलते हे मला कुणी आधी सांगितलं नाही, दोन बोटं अजून काळी आहेत. आई, घाबरू नकोस, बरी आहेत.

कौलं 600 उतरवली, 70 फुटली. नवीन आणली तर ती जुन्यांच्या खाचेत बसेनात, म्हणून नवी सगळी मागच्या उतारावर एकत्र घातली. बाबा, मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनवाल्यांनी 1865 ला मंगळुरात काढला होता, तुम्हाला असलं आवडतं म्हणून सांगितलं.

माझी चूक म्हणजे भिंती थेट छपरापर्यंत चढवल्या. जूनमध्ये आत नुसता कोंदट वास, शेवटी वरचा एक थर काढून तिथे जाळी मारली (उंदीर!) तेव्हा कुठे वारा खेळायला लागला. पश्चिमेच्या झडीला माडाची झापं बांधलीत. जुलैत मुद्दाम फळीवर जुना पेपर ठेवला होता, आठवड्याने मऊ पडला पण बुरशी नाही.

तर आईचं शिलाई मशीन, पितळेची भांडी, बाबांची पुस्तकं (लोखंडी ट्रंकेतच हां, आणि डांबरगोळ्या टाका) सगळं येऊ दे. गाद्या मात्र नको, इथल्या पावसात त्यांचं काही खरं नाही. विटांवर फळ्या टाकून ठेवल्यात, भिंतीला काही टेकवणार नाही. मशीनची जागा खिडकीशी ठेवलीये, आई आली की बसेल शिवत.

टेम्पो दिवाळीनंतर सांगू. आणि बाबा ती लाकडी शिडी मोजून कळवा, दार बुटकं आहे, आडवी करून घ्यावी लागेल.

तुमची,
ताई