‘आय-५, ८ जीबी’ एवढ्यावर संगणक घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. जुने डेस्कटॉप बदलायची वेळ त्यामुळे अनेक शाळा, क्लासेस, सोसायट्यांची कार्यालये आणि घरांवर आली आहे. ब्रँडेड (कंपनीने तयार करून विकलेला) घ्यायचा की असेंबल्ड (सुटे भाग जोडून बनवलेला), हा प्रश्न मग निघतोच, आणि बहुतेक ठिकाणी तो दोन कोटेशनांच्या तळाशी असलेल्या आकड्यांवर सुटतो. त्या आकड्यांच्या वर काय लिहिले आहे, यावर मात्र संगणक पाच-सात वर्षे चालणार की दोन वर्षांत भंगारात जाणार, हे ठरते.

कोटेशनवर सहसा एवढेच असते : ‘आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी’. इंटेलचा पहिला कोअर आय-५ २००९ साली आला. त्यानंतर चौदाव्या पिढीपर्यंत हेच नाव चालले. म्हणजे ही ओळ दहा-बारा वर्षे जुन्या प्रोसेसरलाही लागू पडते आणि कालपरवाच्यालाही. २०१३ च्या आय-५ ४५७० मध्ये चार कोअर (काम करणारे गाभे) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) आहेत. २०२२ च्या आय-३ १२१०० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि प्रत्येक कोअर त्या जुन्याच्या बराच पुढे आहे. इथे ‘आय-३’ घेणारा शहाणा ठरतो. विंडोज ११ साठी ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. शिवाय टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. त्याआधीच्या यंत्रात काही विक्रेते वळसा घालून विंडोज ११ टाकून देतात. अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

ऑनलाइन ‘नवा आय-५ संच, मॉनिटरसकट’ म्हणून पंधरा हजारांच्या आसपास जे विकले जाते, त्यातले बरेचसे याच प्रकारचे असते. कॅबिनेट नवे, कीबोर्ड नवा, एसएसडी नवी. आत मात्र एच६१ किंवा एच८१ या जुन्या चिपसेटचा मदरबोर्ड, जुन्या यंत्रातून काढलेला दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम. ना धड ब्रँडेड, ना धड असेंबल्ड. हा माल ओळखणे सोपे आहे. वर्णनात ‘डीडीआर३’ दिसले की तिथेच थांबा. यंत्र घरी आलेच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसते. रीफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि नीट करून विकलेले, यंत्र वाईट असते असे माझे म्हणणे नाही. आठव्या किंवा पुढच्या पिढीचे, मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेले, बिलावर ‘रीफर्बिश्ड’ असे स्पष्ट लिहिलेले यंत्र सोसायटीच्या हिशेबाला उत्तम चालते. जुन्याला नवे म्हणून विकणे, ही फसवणूक आहे.

आता ब्रँडेडकडे वळू. त्याचा खरा फायदा वेगात नाही. बिघाड झाला की एकाच ठिकाणी फोन करायचा, आणि ऑन-साइट वॉरंटी असेल तर माणूस दारात येतो, हा फायदा. विंडोजचा अस्सल परवाना मदरबोर्डातच नोंदलेला असतो. फॉरमॅट मारला तरी तो जात नाही. पण वॉरंटी ऑन-साइट आहे की यंत्र सर्व्हिस सेंटरला न्यायचे, हे आधी विचारून घ्यावे. घेतल्याबरोबर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघावी. ती पुष्कळदा माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली असते. बिल पाठवले की दुरुस्त करून मिळते. हे पहिल्याच आठवड्यात करावे, वॉरंटी संपत आल्यावर नव्हे.

ब्रँडेडची अडचण वॉरंटी संपल्यावर सुरू होते. अनेक मॉडेलांत एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) बाजारात मिळणाऱ्या एटीएक्स या नेहमीच्या मापाचा नसतो, आणि बोर्डाला जाणारा मुख्य कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचा नसतो. चौथ्या वर्षी तो एसएमपीएस उडाला की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दहा दुकाने फिरूनही सरळ बसणारा मिळत नाही. त्याच मॉडेलचा जुना शोधा किंवा कन्व्हर्टर केबल लावा, एवढेच हाती उरते. बोर्डाचा आकारही कंपनीचा स्वतःचा, त्यामुळे तो दुसऱ्या कॅबिनेटमध्ये जात नाही. पुढे ग्राफिक कार्ड टाकायचे मनात असेल तर आधीच सावध व्हा. लहान एसएमपीएसला कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनांची वायरच नसते. स्लॉटमधून फार तर ७५ वॉट मिळतात, म्हणून तेवढ्यावर चालणारेच कार्ड घ्यावे लागते, आणि स्लिम कॅबिनेट असेल तर तेही अर्ध्या उंचीचे.

हे सारे घेण्यापूर्वी कळू शकते. डेल, एचपी, लेनोवो आपापल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल साइटवर फुकट ठेवतात. मॉडेलचे पूर्ण नाव टाकून ते उतरवा. त्यात बघायच्या गोष्टी तीनच : एसएमपीएसचा कनेक्टर कसा आहे, रॅमचे स्लॉट किती, आणि दुसरी एसएसडी कुठे बसते. रॅमची एकच पट्टी लावून यंत्र पाठवण्याची रीत सर्रास आहे. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालत असेल तर एका पट्टीमुळे चित्राचा वेग चांगलाच पडतो, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरते. दुसरा स्लॉट मोकळा असेल तर तशीच दुसरी पट्टी टाकावी. एवढ्या खर्चात याहून जास्त फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

असेंबल्डमध्ये नेमकी उलटी स्थिती असते. प्रत्येक भाग बाजारात मिळतो, प्रत्येक भाग बदलता येतो; पण जबाबदारी भागाभागांत वाटलेली असते. बॉक्समधल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा थोडा स्वस्त पडतो, पण त्याला सहसा कंपनीची वॉरंटी नसते, असते ती दुकानाच्या शब्दाची. रॅम, एसएसडी, बोर्ड, एसएमपीएस यांच्या मुदती वेगवेगळ्या आणि सर्व्हिस सेंटरही वेगवेगळी. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर हवाच. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव आणि एमआरपी असलेले स्टिकर हवे. ते नसेल तर इथले सर्व्हिस सेंटर तो भाग परत करण्याची शक्यता मोठी. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिल न घेणारा माणूस पुढची तीन वर्षे वॉरंटीविना राहतो. वॉरंटी असूनही दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही पहिली मागणी बिलाचीच होते.

असेंबल्ड यंत्रात सगळ्यात जास्त नुकसान होते ते एसएमपीएसमुळे. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या डब्यावर ५०० वॉट छापलेले असते. त्याच्या बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि त्याला बाराने गुणा. १६ अँपिअर असतील तर हाती येतात १९२ वॉट. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॉट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपली बहुतेक वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात, त्यामुळे बाकी आकडेवारीला फारसा अर्थ नाही. भार वाढला की व्होल्टेज खाली जाते, यंत्र आपोआप रीस्टार्ट होते, एसएसडीवरचा डेटा बिघडतो, आणि डबा जाताना कधी बोर्डालाही घेऊन जातो. उलट ६५० किंवा ७५० वॉटची गरजही प्रत्येकाला नसते. आय-५ १२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरूनही ग्राफिक कार्डाविना यंत्र २०० वॉटच्या आत राहते. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉट, ‘८० प्लस ब्राँझ’ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), एवढे पुरे.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरे बघा. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. १२४००एफ घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर मॉनिटर काळाच राहणार. रायझन ५ ५६०० मध्येही ते नसते, ५६००जी मध्ये असते. सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, विचार पुढच्या बदलासाठी करायचा. एएमडीचा एएम५ हा २०२२ चा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० साठी नवा सॉकेट आला. मात्र एलजीए १७०० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड मिळतात. जुन्या यंत्रात डीडीआर४ ची चांगली रॅम असेल तर ती वापरता येईल असा बोर्ड घेणे आज शहाणपणाचे आहे. कारण २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जोरात चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘असेंबल्ड नेहमीच स्वस्त’ हे जुने गणित आता गृहीत धरू नये. दोन्ही कोटेशन एकाच दिवशी, सारख्याच भागांची घ्यावीत.

जोडणी स्वतः करायची असेल तर ती अवघड नाही, पण घाई नको. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच लावून आधी डिस्प्ले येतो का ते बघा. मगच कॅबिनेटमध्ये बसवा. इंटेलच्या एलजीए आणि एएमडीच्या एएम५ मध्ये नाजूक पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एएमडीच्या आधीच्या एएम४ मध्ये प्रोसेसरला. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत करताना ते लागते. इंटेलच्या कूलरचे चार खुंट समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायचे, आणि बोर्डाच्या मागून चारही पूर्ण बाहेर आलेत का ते बघायचे. एक जरी अर्धवट राहिला तरी प्रोसेसर तापून मंदावतो. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. जास्तीचा एक राहिला तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तेव्हा प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर राहिली आहे का ते पहिल्यांदा बघा. ग्राफिक कार्डाची ८ पिनांची वायर वेगळी असते. ती तिथे दामटू नका. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. घाबरून मधेच वीज तोडू नये. नंतर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग सुरू करा, नाहीतर महाग रॅम कमी वेगाने चालत राहते. आणि ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नव्हे.

मुंबईत आणखी दोन गोष्टी यंत्राला त्रास देतात. जुन्या चाळींत आणि इमारतींत प्लगला अर्थिंगच नसते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि दोष दुकानदाराला दिला जातो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थ नसली की कॅबिनेट २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. इलाज इलेक्ट्रिशियनकडे आहे, तिसऱ्या पिनेची वायर ओढून घेण्यात. तिसरी पिन तोडून टाकणे हा धोकादायक उपाय आहे. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. दमट, खारट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो आणि एके दिवशी डिस्प्ले येईनासा होतो. प्लग काढून, रॅम काढून, ती पट्टी स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकी पुसली आणि कण झटकून परत बसवली, की बहुतेक वेळा काम होते. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका. थुंकीचा ओलावा आत जातो. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट, हे ध्यानात ठेवा आणि त्यावर लेझर प्रिंटर लावू नका.

माझे मत विचाराल तर शाळेच्या वीस-पंचवीस यंत्रांच्या लॅबला ब्रँडेडच घ्यावे. सगळी यंत्रे सारखी, परवाने अस्सल, बिघाडाला एकच जबाबदार. दुकानदाराने ‘विंडोज आमच्याकडून टाकून देतो’ म्हटले आणि बिलावर परवान्याची ओळ नसेल, तर ते चोरीचे असते. परवान्याविना विंडोज चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर व्हायरसही येऊ शकतो. परवाना परवडत नसेल तर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट प्रणाली टाकावी, त्यात मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग नीट चालते. व्हिडिओ एडिटिंग, आर्किटेक्टचे काम, किंवा दोन वर्षांनी कार्ड वाढवणारा विद्यार्थी यांच्यासाठी असेंबल्ड बरे. वर सांगितलेले बिल मिळत असेल तरच.

आणि देणगीतून वा निधीतून लॅब उभी करणाऱ्या संस्थांना एक विनंती. पंचवीस यंत्रांची ऑर्डर देण्याआधी त्याच मॉडेलचे एक यंत्र मागवा, विक्रेत्यासमोर बाजूचे पॅनल उघडा, प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमच्या पट्ट्या आणि एसएमपीएसचे लेबल कागदावर उतरवा, आणि तोच कागद दोन्ही सह्यांनिशी ऑर्डरला जोडा. उरलेली चोवीस यंत्रे आली की प्रत्येकाचा मेळ त्या कागदाशी घाला. पैसे त्यानंतर द्या.

आपला विश्वासू,
एक हार्डवेअर तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई