बिल्ड झालं, पॅकेजचं काय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सोर्सकोडवरून डेस्कटॉप अ‍ॅप बिल्ड करणारे बरेच जण पॅकेजिंगपाशी, म्हणजे ते दुसऱ्यांच्या मशीनवर चालेल असं बांधून देण्यापाशी, अडतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवर बिल्ड केलेलं अ‍ॅप २०.०४ वर उघडावं, तर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणत बंद पडतं. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी (तयार कोडचा संच), आणि २०.०४ वर ती २.३१ च असते. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. जीलिबसीच पॅकेजात कोंबणं म्हणजे नसती आफत! त्यापेक्षा उबुंटूच्या ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर अ‍ॅप चालवायचं, तिच्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) बिल्ड करावं. मग कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर (आभासी संगणकावर) ‘एलडीडी’ ही लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारी आज्ञा चालवून ‘नॉट फाउंड’ येणाऱ्या लायब्ररी सोबत द्याव्यात. क्यूटी या विंडो-बटणं बनवायच्या टूलकिटचं, विंडो पडद्यावर आणणारं ‘एक्ससीबी’ प्लगइन मात्र त्या यादीत येत नाही, कारण ते अ‍ॅप सुरू होताना लोड होतं. तेच हमखास राहून जातं आणि विंडो उघडायच्या आतच अ‍ॅप कोसळतं.

– एक वाचक