खोक्यावरची गाडी

प्रिय विन्या,

परवा तू कपाटासमोर उभा राहून बोटाने माझ्या मॉडेल-गाड्यांच्या किटची खोकी मोजत होतास तेव्हा मी हसत होतो, पण आतून पुरता ओशाळलो होतो. ४१, तू जाहीर केलंस. "जोडल्यास किती?" यावर मी "बऱ्याच" म्हणालो. ११. कागदावर खरं लिहायला सोपं जातं. मग तू मधलंच एक खोकं ओढलंस, झाकण न्याहाळलंस आणि विचारलंस, "ही का घेतलीस?" मी इंजिन, स्केल, साच्याचा दर्जा असलं काहीबाही बोलत सुटलो. बोललो त्यात चूक काही नव्हती, पण त्यातल्या एकाही कारणासाठी मी ते किट घेतलं नव्हतं. झाकणावरचं चित्र आवडलं आणि घेतलं. आत काय आहे ते घरी येऊन पाहिलं.

तू चित्रं काढणारा माणूस, म्हणून हे तुलाच सविस्तर लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, एवढा मोठा झाला आणि अजून खोक्याला भुलतो.

नवं खोकं उघडलं की काय दिसतं माहितीये? काहीच नाही. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात, आणि त्यांना बारीक बारीक भाग लटकलेले असतात. चाकांच्या रिम, सीटचे दोन अर्धे तुकडे, आरसे. बॉडी एकसंध असते, पण पांढरीफटक, काचा नसलेली, डोळे काढून घेतल्यासारखी. रबरी टायरची पिशवी, डिकलचा कागद (म्हणजे गाडीवर चिकटवायची नावं-आकडे), जोडणीची घडीपत्रिका. झालं. या ढिगात गाडी कुठेच नसते. ती फक्त झाकणावर असते. म्हणून दुकानात आपण विकत घेतो ते झाकणच, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या झाकणाच्या मागे लागतो.

आता तुझ्या कामाची गोष्ट. ही चित्रं काढणारे डोळा कुठे ठेवतात ते बघ. खरी गाडी बघताना आपला डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतो. १/२४ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलमध्ये, दीड मीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. टेबलावर जोडून ठेवलेली गाडी खऱ्यासारखी दिसायला हवी असेल, तर डोळा टेबलापासून सहा सेंटिमीटरवर आणावा लागतो, म्हणजे हनुवटी जवळजवळ टेबलाला टेकवावी लागते. आपण मात्र खुर्चीवरून बघतो. त्या हिशोबाने आपण चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गच्चीतून खाली बघत असतो, म्हणून ती खेळणं दिसते. झाकणावरचा चित्रकार हे एका फटक्यात मिटवतो. तो खाली बसतो, बंपरच्या उंचीला, कधी त्याच्याही खाली. पुढचं चाक जवळ घेतो, किंचित वळवतो, मागची बाजू आवळून लांब नेतो. झालं, १८ सेंटिमीटरचं प्लास्टिक अंगावर धावून येतं. खोटी एकही रेघ नाही, सगळी करामत बसण्याच्या जागेची. शिवाय बहुतेकदा चित्रकार खरी गाडी आणि तिचे फोटो समोर ठेवून चितारतो, आतल्या प्लास्टिकशी त्याला देणंघेणं नसतं. भांडण तिथेच सुरू होतं.

माझं झालं ते असं. कंपनीचं नाव राहू दे. झाकणावरची गाडी रस्त्याला चिकटलेली, टायर चाकाच्या कमानीत अर्धा गडप. जोडून झाल्यावर माझी गाडी टाचा उंचावून उभी! कमान आणि टायर यांच्यात आगकाडी आडवी बसेल एवढी फट. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, म्हणशील. चोवीसने गुण. खऱ्या गाडीत ती पाच सेंटिमीटर होते, आणि पाच सेंटिमीटरने उचललेली स्पोर्ट्स कार चिखल तुडवायला निघाल्यासारखी दिसते. मी दोन रात्री कानसीने सस्पेन्शन तासत बसलो. एक खुंटी मोडली, ती पिनने पुन्हा उभी केली. आता नीट बसली आहे. पण विचार कर, खऱ्या गाडीची उंची काय असते ते मी एकदाही तपासलं नव्हतं. मला ती झाकणासारखी हवी होती. संपलं.

मला वाटतं चित्राची खरी पकड इथे आहे. विकत घ्यायला लावणं हे त्याचं छोटं काम. एकदा किट घरात आलं की चित्र तुझ्या हातात शिरतं. जपानी बनावटीची एक कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, मी हिरवी रंगवायची ठरवली होती, गडद, बाटलीसारखी. हिरवा रंग आणला, प्रायमर मारला. काम करताना झाकण समोर भिंतीला टेकवून ठेवायची सवय आहे मला, त्यावर ती लाल. तीन दिवस तिच्याकडे बघत पॉलिश पेपर मारला आणि चौथ्या दिवशी जाऊन लाल आणला. हिरव्याची बाटली अजून सीलबंद आहे. तुला कपाटात एक निळी दिसली, तुला आवडलीही. तिचं झाकण काढून बघ, निळंच आहे. माझ्या ११ गाड्यांपैकी ९ झाकणाच्या रंगाच्या आहेत. बाकी दोनचा लाल डबा संपला होता.

यावर उपाय कुणी काढला असेल तर एएमटी या अमेरिकन कंपनीने. १९५८ मध्ये त्यांनी 'थ्री इन वन' किट आणली. एकाच खोक्यात कारखान्यातून निघते तशी साधी गाडी, किंवा नटवलेली, किंवा शर्यतीची, तिन्हींपैकी हवी ती करा, जादा भाग आत दिलेत. म्हणजे खोक्यानेच सांगितलं की निवड तुझी आहे. पोरं यावर तुटून पडली यात नवल नाही. तरी माझी खात्री आहे की झाकणावर जी सगळ्यात मोठी छापली असेल तीच जास्त जणांनी केली असेल.

आणि कधी कधी गाडीच चित्रामागून येते. मोनोग्राम कंपनीसाठी टॉम डॅनियल नावाचा डिझायनर कल्पनेतल्या गाड्या काढायचा. १९६८ ची त्याची 'रेड बॅरन' म्हणजे निव्वळ वेडेपणा: लाल हॉट रॉड (वेगासाठी मोडतोड करून नटवलेली जुनी गाडी), विमानाचं इंजिन, आणि छप्पर म्हणून चक्क पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण. अशी गाडी जगात कुठेच नव्हती. किट तुफान चाललं, आणि मग गाड्या बांधणाऱ्या चक मिलर यांनी ती खरीखुरी, माणूस बसेल एवढी बांधली आणि प्रदर्शनात उभी केली. खोक्यावरून गाडी रस्त्यावर! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही, तुला आधी सांगितली असेल तर पुन्हा वाच.

सगळे असे दंगा करत नाहीत. टामिया या जपानी कंपनीची खोकी तू पाहिलीस, खालच्या फळीवर ओळीने आहेत. पांढरी जागा आणि मधोमध गाडी, बस. रस्ता नाही, धूळ नाही, प्रेक्षक नाहीत. मूळची ही लाकडाची कंपनी. प्लास्टिककडे वळल्यावर १९६१ मध्ये त्यांनी पँथर रणगाड्याचं किट काढलं आणि त्याच्या खोक्यासाठी शिगेरु कोमात्सुझाकी या नावाजलेल्या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं. तिथून खोक्याचं चित्र हा त्यांच्याकडे धंद्याचा भागच झाला. पांढरी पार्श्वभूमी पुढे आली. मला आधी ती कंजुषी वाटायची. आता वाटतं, एवढा आत्मविश्वास लागतो. पार्श्वभूमीच नाही म्हटल्यावर लपायला जागा नाही, प्रत्येक नट-बोल्ट नीट काढावा लागतो. आणि बघणाऱ्याला आपोआप वाटतं, ज्यांनी चित्र एवढं काटेकोर काढलंय त्यांचे भागही तसेच बसतील. त्यांच्या बाबतीत ते बसतातही. १९७६ च्या पोर्शे ९३४ (९११ वर बेतलेली शर्यतीची गाडी) च्या किटच्या वेळी कंपनीच्या शुन्साकु टामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन पार खिळखिळी करून आतून पाहिली होती. पण चित्रावरून दर्जा ताडायची ही सवय दुसरीकडे महागात पडते.

कारण खोकं बदलायला साचा बदलावा लागत नाही. एका नव्या चकचकीत झाकणाने मला असा गंडवलाय की सांगता सोय नाही. रात्र, ओला रस्ता, दिव्यांची पिवळी प्रतिबिंबं, त्यात चंदेरी गाडी. आणली. तळाचा भाग हातात घेतला तर आतल्या बाजूला बारीक अक्षरात वर्ष कोरलेलं, आणि डाव्या दारावर ओळखीची खळी. तीच खळी मी पाच वर्षांपूर्वी पुट्टी भरून घासली होती! कपाटातली जुनी गाडी काढून शेजारी ठेवली. सख्ख्या बहिणी. तेच किट मी दोनदा विकत घेतलं होतं, एकदा दिवसा आणि एकदा रात्री.

तेव्हापासून बाजू वाचायला शिकलो. झाकण पुढून कितीही सुंदर असो, खोकं आडवं धरायचं. बाजूच्या पट्टीवर बहुधा जोडलेल्या मॉडेलचे छोटे फोटो असतात, लागणाऱ्या रंगांची यादी असते. त्या फोटोत बाईने मेकअप उतरवल्यासारखी गाडी खरी दिसते. टायर केवढे, दाराच्या रेषा किती जाड, सगळं कळतं. हे शहाणपण मला पूर्ण आहे. तरीही बाजू वाचून झाल्यावर मी खोकं पुन्हा सरळ करतो आणि निर्णय समोर बघूनच घेतो.

तुला एक चित्रकार आवडेल, रॉय क्रॉस. ब्रिटिश. तरुणपणी विमानाच्या कारखान्यात तांत्रिक आकृत्या काढायचा. १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं त्याने एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीसाठी खोक्यांची चित्रं केली, जास्त करून विमानं आणि जहाजं, सगळं गुआश या अपारदर्शक जलरंगात. बॉम्ब, ज्वाळा, कोसळणारं शत्रूचं विमान, सगळं नाट्य. पुढच्या काळात तीच चित्रं छापताना त्यातले स्फोट आणि आगी पुसून टाकल्या गेल्या, मुलांसाठी बरं नाही म्हणून. गाड्यांच्या बाबतीत असंच सिगारेटचं झालं. जुन्या फॉर्म्युला वनच्या गाड्या म्हणजे धावती सिगारेटची पाकिटंच. १९८८ मध्ये १६ पैकी १५ शर्यती जिंकलेली ती लाल-पांढरी मॅक्लारेन आठव. आता नव्याने निघणाऱ्या अशा किटच्या झाकणावर रंग तेच असतात, सिगारेटचं नाव मात्र बहुधा गायब असतं. जिथे अक्षरं होती तिथे कोरी जागा. मग आम्ही लोक वेगळे डिकल मागवून ती जागा भरतो. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, पण गाडीवर ते नखाएवढं नाव चिमट्याने चिकटवताना श्वास रोखून धरतो. हसू नकोस.

आता खरं काम. मोजताना तुझं एक चुकलं. ती ४२ आहेत. अगदी वर, डावीकडे, एक तपकिरी साधा पुठ्ठ्याचा डबा आहे, तो तू मोजलाच नाहीस. तुझी चूक नाही, त्यावर काही छापलेलंच नाही. छंद सोडलेल्या एकाकडून तो मला मिळाला. आत जुन्या डॅटसन २४०झेडचं किट आहे, १/२४, सगळे भाग शाबूत, पत्रिका आहे, डिकल थोडे पिवळे पडलेत. मूळ खोकं मात्र कधीच गेलं. मला ती गाडी जीव की प्राण आहे. तो लांबलचक बॉनेट तुला ठाऊक आहे. आणि दोन वर्षं झाली, मी तिला हात लावू शकलेलो नाही. दर दोन-तीन महिन्यांनी डबा खाली काढतो, बॉडी तळहातावर घेतो, फिरवतो, आणि कळत नाही कुठून सुरुवात करू. रंग कोणता, उंची किती, चाकं कशी. सगळं मोकळं आहे आणि म्हणूनच अडलंय.

तर तू झाकण काढशील का? डब्याचं माप ३० बाय २० सेंटिमीटर, आडवं. रस्ता दाखव, पाऊस दाखव, नाहीतर पांढरं सोड, तुझी मर्जी. फक्त डोळा खाली ठेव, सहा सेंटिमीटरवर. रंग मी सांगणार नाही. नेटवरच्या दुसऱ्या कुणाच्या गाड्या बघून काढू नकोस एवढंच. आणि हो, टायर कमानीत किती आत घ्यायचा याचा जरा विचार कर, कारण तू जेवढा घेशील तेवढा मला तासावा लागणार आहे.

तोवर बॉडी धुऊन, राखाडी प्रायमर मारून ठेवतो.

तुझा,
दिल्या