फाइलवरच्या 'अ‍ॅलर्जी आहे' या दोन शब्दांबद्दल

ति. आई-बाबांस, सा. न.

बाबांच्या फाइलवर 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' आणि आईच्या फाइलवर 'सल्फा अ‍ॅलर्जी' असं लाल पेनने लिहिलेलं आहे (दोन्ही अँटिबायोटिकचे गट). तेवढ्यावरून नव्या डॉक्टरला काही ठरवता येत नाही. म्हणून दोघांनी एकेका पानावर चार गोष्टी लिहा: औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), साल, औषध घेतल्यावर किती वेळाने नेमकं काय झालं, आणि ते थांबायला काय द्यावं लागलं.

यातली वेळ सगळ्यात महत्त्वाची. गोळी घेतल्यावर तासाभरात अंगावर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो धोक्याचा प्रकार. पाचव्या-सातव्या दिवशी अंगभर बारीक पुरळ आलं, तर तो वेगळा आणि बहुधा सौम्य. नुसती मळमळ, जुलाब किंवा मेट्रोनिडाझोलने (जुलाबावर देतात ती गोळी) तोंडाची चव जाणं ही अ‍ॅलर्जीच नव्हे.

बाबा, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहातल्या सुमारे नऊ जणांना तपासणीत ती निघत नाही. खरी असली तरी दहा वर्षांत साधारण 80 टक्के लोकांची ओसरते. पण शिक्का राहिला की साध्या औषधाऐवजी जास्त जहाल किंवा कमी लागू पडणारं औषध दिलं जातं. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे आधी त्वचेची चाचणी आणि मग देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलिनचा डोस, असं करून शिक्का काढता येतो. घरी 'अर्धी गोळी घेऊन बघू' अजिबात नको. इंजेक्शनआधी हातावर देतात तो टेस्ट डोस म्हणजेही हमी नाही.

तोवर पेनिसिलिनच्याच गटातली अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, ऑगमेंटिन बंद. 'सेफ'ने सुरू होणारी सगळी औषधं मात्र आपोआप वर्ज्य होत नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला त्यांचाही त्रास होण्याचा धोका पूर्वी 10 टक्के मानत, आता तो सुमारे 2 टक्के धरतात. सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल ही रचनेने अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या जवळची, तर सेफिक्सिम लांबचं. निवड डॉक्टरांवर सोडा, पण पान त्यांच्यासमोर ठेवा.

आई, तुला को-ट्रायमॉक्साझोल (सेप्ट्रान) नको. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही टाळ. शुगरची ग्लिमेपिराइड मात्र या भीतीने बंद करू नकोस, तिची रचना वेगळी आहे. आणि सल्फा म्हणजे गंधक नव्हे, त्यामुळे कांदा-लसूण सोडायचं कारण नाही.

जुलाब लागले की दुकानातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणायची सवय सोडा. या गोळ्यांनी काहींना ओठावर, हातावर किंवा नाजूक जागी गोल, जळजळणारा चट्टा येतो आणि मागे काळा डाग राहतो. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की चट्टा त्याच जागी परत येतो, बऱ्याचदा लवकर आणि मोठा. लोक त्याला उष्णता म्हणतात आणि सब्जा पीत बसतात!

कुठलंही नवं औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत ताप, लाल डोळे, तोंडात फोड आणि दुखणारी किंवा सोलणारी कातडी असं एकत्र दिसलं, तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. उद्यावर ढकलू नका.

औषध घेतल्यावर श्वास अडकला किंवा चक्कर आली तर 108 लावा. आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण उठून चालू देऊ नका. यावर खरं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन: मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि गरज पडली तर 5 मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिनच्या (अ‍ॅलर्जीच्या) गोळीने खाज कमी होते, जीव वाचत नाही. बाबा, तुमच्या मेटोप्रोलॉलमुळे (बीपी-हृदयासाठीची गोळी) अ‍ॅड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो, तेव्हा हे नाव आधी सांगा. तुमच्या रामिप्रिल या बीपीच्या गोळीनेही, अगदी कित्येक वर्षांनंतर, खाज न येता ओठ-जीभ सुजू शकते; दोष उगाच अँटिबायोटिकवर जातो. सूज कशानेही असो, हॉस्पिटल तेवढंच तातडीचं.

पानं लिहून झाली की फोटो पाठवा. जुन्या स्ट्रिप्स असतील तर टाकू नका, त्यांचेही फोटो पाठवा, म्हणजे मूळ नावं मी लिहून देईन.

तुमची,
धाकटी